अमळनेरच्या छात्रालयातले साने गुरुजी

अक्कलकुवा : रमजान ईद होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या एसटी स्टँडवर पत्र्याच्या पेट्या दिसायला लागतात. पेटीवर रंगानं लिहिलेलं नाव, वर गुंडाळलेली गादी, सोबत एक बादली आणि शेजारी नव्या टोपीतलं नऊ-दहा वर्षांचं पोर. शव्वालमध्ये मदरशांचं नवं साल सुरू होतं. जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममुळे सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात लांबलांबच्या राज्यांतून मुलं येतात. मग जून उजाडतो आणि मोलगीच्या बाजूच्या डोंगरातल्या पाड्यांवरून मुलं आश्रमशाळांत दाखल होतात. गाव तसं लहान, पण घरापासून लांब राहून शिकणारी मुलं इथं भरपूर.

वालिद पेटी खोलीत ठेवतात, डोक्यावरून हात फिरवतात आणि परतीची गाडी पकडतात. पोर काही बोलत नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर एक सवाल असतो, तो कुणालाही वाचता येईल. मी इथं कशाला? मोठ्यांकडे जवाब तयार असतो. हाफिज होशील, डॉक्टर होशील, घराण्याचं नाव काढशील. हे सगळं पंधरा-वीस वर्षांनंतरचं झालं. उद्या सकाळी उठल्यावर या शाळेत माझं काय काम आहे, माझ्यावाचून इथं कुणाचं काही अडतं का, याचा जवाब त्यात नसतो.

मी स्वतः शिक्षक आहे. दरवर्षी आम्हीही बाहेरून कुणाला तरी बोलावून जिंदगीचा मकसद या विषयावर तकरीर ठेवतो. मुलं टाळ्या वाजवतात, वहीत कलेक्टर, पायलट असं काहीतरी लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक साल असं झालं की शिपाई आजारी पडला म्हणून पाण्याच्या टाकीची चावी सातवीतल्या एका मुलाकडे दिली. हा मुलगा कायम मागच्या बाकावर, महिन्यातून दोनदा घरी जायचं म्हणून रडणारा. चावी हातात आली आणि तो सगळ्यांच्या आधी शाळेत हजर राहू लागला. टाकी कधी धुतली, नळ कुठला गळतो, सगळं त्याला तोंडपाठ. शिपाई बरा होऊन आला तरी पोरगा चावी द्यायला तयार होईना. त्या दिवसांत मला आपल्याच खान्देशातला एक जुना मास्तर आठवला. त्यांची गोष्ट आज सांगायची आहे.

नंदुरबारहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा आणि मग अमळनेर लागतं. बोरी नदीच्या काठचं हे गाव. आज लोक ते विप्रोचं गाव म्हणून ओळखतात, कारण मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 1945 साली तिथं वनस्पती तेलाचा कारखाना काढला आणि त्यातूनच पुढं विप्रो उभी राहिली. पण त्याच्या वीस-एक वर्षं आधी या गावाच्या एका शाळेत पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक सडपातळ, लाजरा तरुण शिक्षक म्हणून लागला होता. पुढं साऱ्या महाराष्ट्रानं त्याला साने गुरुजी म्हटलं.

साने गुरुजी खान्देशातले नव्हते. त्यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घराणं एकेकाळी खोताचं, पण गुरुजींच्या लहानपणीच कर्जापायी सगळं उतरणीला लागलं होतं. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. दारिद्र्य असं की शिक्षण म्हणजे घरावर बोजा. मुलगा दापोलीला शिकला, मग कुणाकडून तरी कळलं की औंध संस्थानात गरीब मुलांना मदत मिळते, म्हणून एकटाच तिकडं गेला. तिथं हातानं रांधून खायचं, नसेल तेव्हा उपाशी राहायचं. त्यात प्लेगची साथ आली आणि तिथूनही निघावं लागलं. नंतर पुणं. तिथं मित्रांच्या आधारानं दिवस काढले. 1917 साली आई वारली तेव्हा मुलगा जवळ नव्हता. ही सल त्यांच्या मनातून आयुष्यभर गेली नाही.

हे सगळं मुद्दाम सांगतोय. परक्या गावात, परक्या लोकांत, खिशात पैसा नसताना शिकणारं पोर कसं असतं, हे या माणसानं पुस्तकात वाचलेलं नव्हतं. रात्री गादीवर पडल्यावर घर कसं आठवतं, तापात अंगावर पांघरूण घालणारं कुणी नसलं की कसं वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

पुण्याहून ते अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात. प्रतापशेठ नावाच्या गिरणीमालकानं काढलेली ही संस्था. पण कोरड्या तत्त्वचर्चेत त्यांचं मन रमलं नाही. 1924 साली ते खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कूलमध्ये मास्तर झाले. हीच शाळा पुढं प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. थोड्याच काळात शाळेच्या छात्रालयाची, म्हणजे आपण ज्याला हॉस्टेल म्हणतो त्याची, जिम्मेदारी त्यांच्याकडे आली.

छात्रालयात खान्देशच्या खेड्यापाड्यांतली मुलं. कुणी शेतकऱ्याचं, कुणी बलुतेदाराचं. वय अवखळ. खोल्या अस्ताव्यस्त, कपडे इकडे-तिकडे, कंदिलाच्या काचा काजळीनं काळ्या. त्या काळातला कुठलाही सुपरिटेंडेंट असता तर छडी घेऊन फिरला असता, नाहीतर दंड लावला असता. साने गुरुजींनी यातलं काही केलं नाही. मुलं वर्गात गेली की ते त्यांच्या खोल्यांत जायचे. अंथरुणं नीट करायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, केर काढायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. संध्याकाळी मुलं यायची तर खोली लख्ख. सांगायचं कुणाला काहीच नाही. आधी मुलांना गंमत वाटली असेल. मग कळलं की हे सरांचं काम आहे. मग लाज वाटायला लागली. आणि मग एकेक मुलगा स्वतःची खोली स्वतः झाडू लागला, सरांच्या आधी.

इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण ही गोष्ट आपण शिक्षक मंडळी अर्धीच सांगतो. सरांनी झाडलं म्हणून मुलं झाडायला शिकली, एवढीच ती सांगितली जाते. त्यातलं मोठं काम वेगळं होतं. ते छात्रालय हळूहळू मुलांचं झालं. जी जागा आपण झाडतो ती आपली वाटायला लागते. जिथं आपल्यासाठी कुणीतरी न सांगता राबतं, तिथं आपणही कुणासाठी तरी राबावं असं पोराच्या मनात येतं. मुलगा आजारी पडला की गुरुजी त्याच्या उशाशी बसायचे. औषध द्यायचे, अंग पुसायचे, रात्र जागवायचे. हे बघत वाढणाऱ्या मुलांना खिदमत म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

छात्रालयात आणखी एक गोष्ट चालायची. गुरुजी पहाटे उठून एक हस्तलिखित दैनिक काढायचे. नाव साधंच, ‘छात्रालय’. त्यात देशात काय चाललंय ते असायचं, थोरांच्या गोष्टी असायच्या, आणि छात्रालयातल्या बारीकसारीक गोष्टींवरही दोन शब्द असायचे. छापखाना नाही, पैसा नाही. एका माणसाच्या हाताचं अक्षर आणि वाचायला गोळा झालेली मुलं. विचार करा, खेड्यातून आलेल्या, घरी पेपर कधी न पाहिलेल्या पोरानं सकाळी उठून बघावं तर गांधीजींच्या बातमीशेजारी आपल्या खोलीची बातमी. मोठ्या दुनियेत आपल्यालाही जागा आहे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज काय? पुढं त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं छापील मासिकही काढलं. त्या छात्रालयाच्या अनुभवावरच त्यांची ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी उभी आहे. त्यातला स्वामी वाचला की अमळनेरचे साने सर ओळखू येतात.

आपल्या वाचकांपैकी कुणी म्हणेल, यासाठी साने गुरुजींपर्यंत कशाला जायचं, आपल्याकडे सुफ्फा आहे. बरोबर आहे. मस्जिद-ए-नबवीतला तो चबुतरा, जिथं घरदार नसलेले सहाबा राहून तालीम घ्यायचे, ती आपली पहिली निवासी शाळाच. हजरत अबू हुरैरा तिथलेच. तिथले लोकही बसून खात नव्हते, लाकडं आणायचे, पाणी भरायचे. आणि मस्जिद बांधताना खुद्द रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी विटा वाहिल्या, हे आपली लहान मुलंही जाणतात. मग तर आपल्या शाळांत, आपल्या हॉस्टेलांत हे आधीच दिसायला हवं होतं. दिसतं का? साने गुरुजींची आठवण त्यासाठीच काढली. ते आपल्याच भागातले, आपल्या आजोबांच्या काळातले. त्यामुळे तो जमाना वेगळा होता असं म्हणून सुटता येत नाही.

एक तक्रार मात्र ऐकून घेतली पाहिजे. वालिदैन म्हणतात, आम्ही पोराला शिकायला पाठवलं, झाडू मारायला नाही. ही तक्रार खोटी नाही. एका हॉस्टेलात, नाव घेत नाही, लहान मुलांकडून मोठ्यांची खासगी कामं करून घेतली जायची. कपडे धुवायला लावायचे, सामान वाहायला लावायचे, आणि झाडू ही चुकलेल्याची सजा असायची. तिथल्या मुलांना झाडू बघूनच अपमान वाटायचा. अमळनेरच्या छात्रालयात झाडू सगळ्यात आधी सरांच्या हातात होता. सरांनी मुलांकडून आपलं काम करून घेतलं नाही, उलट मुलांचं काम स्वतः केलं. काम तेच, झाडू तोच. पण मुलाच्या मनात जे उगवतं ते अगदी उलटं असतं.

गुरुजी मास्तर म्हणून अमळनेरला सहाच वर्षं होते. सहा वर्षं म्हणजे काहीच नाही, आमच्याकडे तीस-तीस वर्षं एकाच शाळेत काढलेले लोक आहेत. 1930 साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्यांनी नोकरी सोडली. ज्या मुलांना रोज देशाच्या गोष्टी सांगितल्या त्यांच्यासमोर आता वर्गात बसून राहणं त्यांना जमलं नसावं, असं मला वाटतं. सत्याग्रहात उतरले, शिक्षा झाली, धुळ्याचा तुरुंग आणि तिथून पार दक्षिणेत त्रिचनापल्लीचा तुरुंग.

त्रिचनापल्लीत दक्षिणेतले कैदी भेटले. भाषा एकमेकांची येईना. एकाच देशाचे, एकाच कारणासाठी आत आलेले, आणि बोलायचं म्हटलं तर इंग्रजीचा आधार. ही गोष्ट गुरुजींना फार लागली. त्यांनी तिथं तमिळचा परिचय करून घेतला आणि पुढं तिरुक्कुरळ मराठीत आणलं. आंतरभारती, म्हणजे एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा आणि जगणं समजून घ्यावं, ही त्यांची कल्पना इथं रुजली. 1949 साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी ती सगळ्यांपुढे मांडली. अक्कलकुव्यात राहणाऱ्याला यात नवल वाटू नये. आमच्या बाजारात एका दुकानासमोर उभं राहिलं तर उर्दू, मराठी, गुजराती आणि भिली अशा चार बोली कानावर पडतात. पण शाळेच्या मैदानात मात्र आपापल्या भाषेचे गट वेगळे बसतात. उर्दूवाल्या पोराला पाड्यावरच्या पोराचं नाव माहीत नसतं.

1932 साली पुन्हा धुळ्याचा तुरुंग. विनोबा भावे तिथंच होते. ते दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. विनोबांचं आज घरोघरी असलेलं ते पुस्तक गुरुजींनी टिपून घेतलं म्हणून टिकलं. फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. आईच्या वेळी जवळ नसल्याची ती सल शेवटी अशी कागदावर उतरली. त्यावर आचार्य अत्रे यांनी 1953 साली काढलेल्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आपल्या कित्येक घरांत अम्मींनी हा सिनेमा दूरदर्शनवर बघून डोळे पुसलेत.

‘श्यामची आई’ सगळ्यांना माहीत असते, पण याच लेखकानं ‘इस्लामी संस्कृती’ नावाचं पुस्तक लिहिलंय हे आपल्यातल्याही फार थोड्यांना माहीत आहे. अरबस्तानचा मुल्क, तिथले कबिले, मक्का, मदिना आणि हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांची सीरत, हे सगळं एका कोकणी ब्राह्मण मास्तरानं मराठी वाचकासाठी आदरानं लिहिलं. पुस्तक छापून आलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. शेजाऱ्याचा धर्म शेजाऱ्याला माहीत नसेल तर एकत्र राहायचं कसं, ही त्यामागची तळमळ. उर्दू शाळांच्या लायब्ररीत ते असायला हवं, आणि मराठी शाळांच्या तर जरूरच.

तुरुंगातून सुटल्यावर गुरुजी शाळेत परतले नाहीत, पण खान्देश सोडला नाही. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गुरुजी स्वयंसेवक गोळा करत गावोगाव फिरले आणि तिथं सफाईलाही उभे राहिले. छात्रालयातला झाडू असा मोठ्या मैदानात गेला. अमळनेरच्या गिरणी कामगारांसाठी ते लढले, ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिक काढलं, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहून काम केलं. मे 1947 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे हरिजनांना खुले व्हावेत म्हणून त्यांनी उपोषण केलं, त्याआधी महिनोन्महिने महाराष्ट्र पिंजून काढला. मंदिर खुलं झालं.

मग 30 जानेवारी 1948. गांधीजींचा खून झाला आणि खुनी मराठी बोलणारा निघाला. गुरुजींनी 21 दिवसांचं उपोषण केलं. दुसऱ्याच्या गुन्ह्याची शरम आपल्या अंगावर घेणारा हा माणूस. त्याच वर्षी 15 ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं.

यापुढचं लिहिताना हात अडखळतो. 11 जून 1950 रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, साने गुरुजींनी स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. आपण मुलांना त्यांची गोष्ट सांगतो तेव्हा हे पान गाळून टाकतो. मोठ्यांनी तरी ते गाळू नये. ज्या माणसानं शेकडो मुलांच्या उशाशी रात्री काढल्या, ज्याला दुसऱ्याच्या पोराचा उतरलेला चेहरा लांबून कळायचा, त्याच्या आतलं ओझं वेळेवर कुणाला कळलं नाही, किंवा कळूनही ते कुणाला उचलता आलं नाही. ते हळवे होते, एकटे होते, देश स्वतंत्र झाल्यावर जे बघायला मिळालं त्यानं खचले होते. मकसद देणाऱ्यालाही कधीतरी थकवा येतो. आपल्या उस्तादांना, हॉस्टेलातल्या वॉर्डनला, रात्री मुलांबरोबर झोपणाऱ्या त्या तरुण मौलानांना आपण शेवटचं कधी विचारलं होतं, जनाब, तुम्ही कसे आहात? फीबद्दल विचारतो, निकालाबद्दल विचारतो, जेवणाबद्दल तर तक्रारच करतो.

गुरुजी गेल्यानंतर प्रकाश मोहाडीकर यांनी 1951 मध्ये साने गुरुजी कथामाला सुरू केली. मुलांना एकत्र बसवून गोष्टी सांगायच्या, एवढंच. अमळनेरच्या छात्रालयातली रीत अशी गावोगाव गेली.

आमच्या शाळेत त्या चावीवाल्या पोरानंतर आम्ही एक केलं. नवा मुलगा आला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या नावावर एक काम लावायचं, पण ते काम त्याच्याबरोबर एका शिक्षकानंही करायचं. कुणाकडे वजूखान्याचे नळ, कुणाकडे लायब्ररीचं कपाट, कुणाकडे आजारी मुलाला दवाखान्यात न्यायची सोबत, कुणाकडे नव्या आलेल्याला भाषा सांभाळून गाव दाखवायचं. भिंतीवर एक कागदही लावतो, त्यात मुलंच बातम्या लिहितात, उर्दूत, मराठीत, आणि अधूनमधून पाड्यावरची मुलं आपल्या बोलीत. शुद्धलेखनाच्या चुका आम्ही मुद्दाम तशाच ठेवतो. सगळं सुरळीत चालतं असं नाही. मागच्या महिन्यात कागदच कुणीतरी फाडला, आणि दोन शिक्षक अजून झाडू हातात घ्यायला तयार नाहीत.

टाकीची चावी देताना त्या मुलानं पुढच्या मुलाला पाऊण तास समजावलं होतं. गळणारा नळ कुठला, व्हॉल्व्ह किती फिरवायचा, उन्हाळ्यात टाकी किती वाजता भरायची. तो आता भरूचकडे एका कंपनीत कामाला आहे. ईदला घरी आला की अजून शाळेत येतो, आणि आम्हाला सलाम करायच्या आधी टाकीकडे जाऊन येतो.